हिची, परत करायची

खिडकीकाकांच्या स्वतःच्या घरातल्या खिडक्या उघडत नाहीत, हे सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं आणि वसाहतीला त्याची मोठी गंमत वाटायची. काकूंना वाटत नसे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

खिडकीकाका म्हणजे दुहेरी काचेच्या खिडक्या-दारांची कुलपं, हँडलं आणि बिजागऱ्या दुरुस्त करणारा माणूस. बावीस वर्षं तोच धंदा. कोणाचं दार खाली बसून उंबऱ्याला घासायला लागलं, कोणाचं हँडल नुसतंच गरगर फिरायला लागलं, कोणाच्या बाल्कनीचं दार माणसाला बाहेर ठेवून अडून बसलं, की फोन इकडे. फोन काकू घ्यायच्या. घेता घेता अर्धा धंदा त्यांनाही येऊन गेला होता. समोरच्याचं रडगाणं पुरतं ऐकायच्या आतच त्या सांगायच्या, "हँडल आधी वर उचला, मग किल्ली फिरवा. नाही फिरत? मग पेटी गेली. ते येतील."

ही पेटी सगळ्या भानगडीचं मूळ. खिडकीच्या चौकटीच्या कडेत, हँडलच्या बरोबर मागे, काडेपेटीएवढी एक लोखंडी डबी असते. हँडल फिरवलं की ती डबी वरखालच्या कड्या सरकवते. ती गेली की खिडकी एकतर बंद होत नाही, नाहीतर उघडत नाही. वसाहतीतली सगळी घरं एकाच वेळी बांधलेली, सगळ्या खिडक्या एकाच कंपनीच्या, आणि त्या कंपनीनं कधीच गाशा गुंडाळलेला. नव्या पेट्या त्या जुन्या खाचेत बसत नाहीत. हँडलं म्हणाल तर बाजारात ढिगानं मिळतात, काकांच्या गाडीतच वीसेक लोळत असायची. पेटी मात्र जगात कुठे मिळायची नाही. जगात नव्हती, काकांच्या घरी होती. घर त्याच वसाहतीतलं ना.

मग काय विचारता. कोणी फारच अडलं की काका घरी यायचे, मुकाट्यानं आपल्याच एका खिडकीची पेटी काढायचे, खिडकी वाऱ्यानं उघडू नये म्हणून तिला एक आडवा स्क्रू मारायचे आणि ती पेटी दुसऱ्याच्या घरी बसवून यायचे. "आपलं काय, नंतर बघू," असं वर म्हणायचे. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या म्हटल्या की या माणसाला दोन हात पुरत नसत. अशा रीतीनं घरातल्या सहा खिडक्यांपैकी पाच मुक्या झाल्या. वरच्या झोपायच्या खोलीची एक तेवढी उघडायची, कारण तिला हात लावलात तर अंगणात झोपाल, असं काकूंनी एकदाच पण नीट सांगितलं होतं.

बाकी सगळं काकूंनी सोसलं. स्वयंपाकघरात धूर कोंडला, सोसला. पाहुण्यांनी रुमालानं वारा घेतला, तोही सोसला. पण सोमवारी ठकीला मुलगी झाली आणि सोसणं संपलं.

ठकी म्हणजे काकूंची एकुलती एक लेक. शुक्रवारी ती दवाखान्यातून सुटणार होती आणि बाळाला घेऊन दोन महिने आईकडे राहणार, असं कधीपासून ठरलेलं होतं. काकूंनी पाळणा आणून ठेवला होता. दुपटी दोनदा धुतली होती, एकदा मळलेली नसताना. आणि बुधवारी सकाळी ठकीचा फोन आला.

"आई, रागावू नकोस हं," ठकी म्हणाली. ज्या वाक्याची सुरुवात अशी होते त्यावर न रागावलेली आई अजून जन्माला यायची आहे. "मला महिनाभर जिना चढायचा नाही. म्हणजे मी खालच्या मागच्या खोलीत. आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, बाळाच्या खोलीत हवा खेळती पाहिजे. ती खिडकी उघडते का आता?"

काकू मागच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिल्या.

"नाही ना? सासूबाई म्हणत होत्या, आमच्या खालच्या खोलीला दोन खिडक्या आहेत. मला तुझ्याकडेच यायचंय गं. पण पोरीला कोंडून कसं ठेवू? संध्याकाळपर्यंत सांग, म्हणजे शुक्रवारी गाडी कुठे न्यायची ते ठरेल."

विहीणबाई तशा वाईट नव्हत्या. पण त्यांच्या खिडक्या एका बोटानं उघडायच्या, आणि त्या तशा कोणी करून दिल्या होत्या? यांनीच. काकूंनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. नवरा चहात बिस्किट बुडवत होता.

"अहो, मागच्या खोलीची खिडकी."

"बघू."

"बघू नाही. आज."

काकांचं बिस्किट चहात पडलं. "अगं, तिची पेटीच नाही. वरच्या गल्लीतल्या त्या बाईंना दिली ना मी, तपकिरी हँडलसकट. ठकी शिकायला गेली त्या वर्षी. आता आठ वर्षांनी कुठून आणू?" मग चोरानं घ्यावी तशी हत्यारांची पिशवी उचलून ते शाळेच्या सात दारांच्या बिजागऱ्या बदलायला निघून गेले.

काकू दोन मिनिटं रिकाम्या पाळण्याकडे बघत बसल्या. दोन महिने. मांडीवर घ्यायचे, न्हाऊ घालायचे, उगाच रात्रभर जागायचे दोन महिने हातातून जाणार, आणि ते कशामुळे, तर काडेपेटीएवढ्या डबीमुळे. त्यांचे डोळे भरून आले, आणि काकूंचा स्वभाव असा की डोळे भरले की पाठोपाठ पारा चढायचा. कुठून आणू म्हणे. जिथे दिली तिथून. यांना मागायची लाज वाटते, मला वाटत नाही. त्यांनी स्वयंपाकघराच्या खणातला मोठा स्क्रू ड्रायव्हर पर्समध्ये टाकला, पायात चपला सरकवल्या आणि निघाल्या. कुठल्या घरी आपली कुठली पेटी आहे ते त्यांना तोंडपाठ होतं. बायका असली गोष्ट विसरत नसतात.

पहिलं घर शिंपीणबाईंचं. स्वयंपाकघराची पेटी तिथे होती.

"खिडक्यांची तपासणी आहे," काकूंनी दारातच ठोकून दिलं. "यांनी पाठवलंय."

"या ना काकू," शिंपीणबाई म्हणाल्या. खोलीभर कापडाचे तुकडे, एका बाजूला वाफेची इस्त्री भसभसत होती, आणि मशीनच्या डोक्यावर ती खिडकी सताड उघडी. काकूंनी खिडकी लोटली, हँडलच्या बुडाची टोपी फिरवली, दोन स्क्रू काढले आणि हँडल उपसून हातात घेतलं. खालच्या पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. त्यात नवल नव्हतं. काका प्रत्येक कामाची तारीख हँडलखाली लिहून ठेवायचे, म्हणजे पुढच्या वेळी काम किती टिकलं ते कळतं. ही सवय काकूंना माहीत होती. पण आजवर त्यांनी तिथे कधी डोकावून बघितलं नव्हतं. तारखेखाली आणखी एक ओळ होती.

"हिची, स्वयंपाकघर. परत करायची."

काकूंनी ती दोनदा वाचली. हिची म्हणजे कोणाची, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. सव्वीस वर्षांत त्या माणसानं बायकोचा उल्लेख दुसऱ्या कुठल्या शब्दानं केलेला नव्हता.

"काकू, ही खिडकी झाली नसती तर मी हा धंदा बंद केला असता बघा," शिंपीणबाई मागून म्हणाल्या. "वाफेनं डोकं असं चढायचं की दुपारी आडवं व्हावं लागायचं. आणि हे बघा, तुमच्या नातीचं झबलं. काका काल रस्त्यात भेटले, हातांनी माप दाखवलं. म्हटलं, काका, हे माप मांजराचं आहे. म्हणाले, नाही, एवढीच आहे."

झबलं तळहाताएवढं होतं, पिवळं, गळ्याला आतून मऊ पट्टी लावलेली, म्हणजे बाळाला टोचू नये. काकूंनी हँडल पुन्हा बसवलं, दोन्ही स्क्रू घट्ट केले. "तुमची ठणठणीत आहे," असं सांगून झबलं पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हरशेजारी ठेवलं आणि बाहेर पडल्या. एक गेली, हरकत नाही. जिन्याची आहे ना.

जिन्याची पेटी निवृत्त पोस्टमनकडे होती. पोस्टमनच्या बायकोचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिचा सगळा दिवस खिडकीतल्या खुर्चीत जायचा. समोरच्या घरात तिची जुनी मैत्रीण अशीच खिडकीत. मधे रस्ता. दोघी सकाळी नऊला खिडक्या उघडायच्या आणि दुपारच्या झोपेपर्यंत रस्त्यावरून एकमेकींना जगाच्या बातम्या द्यायच्या. खालून जाणाऱ्या-येणाऱ्याला त्यातला आपला वाटा फुकट मिळायचा.

"तपासणी?" पोस्टमन म्हणाले. "बघा, बघा. पण दहा मिनिटांत आटपा, नाहीतर हिच्या पोटात दुखायला लागेल."

काकूंनी हँडल काढलं. "हिची, जिना. परत करायची." तारीख सहा वर्षांपूर्वीची. अक्षर तेच, किडामुंगीसारखं, पण 'हिची' तेवढं ठळक. मागून पोस्टमनची बायको समोरच्या मैत्रिणीला काचेतून हातवारे करून सांगत होती, की थांब, जाऊ नकोस, गोष्ट अर्धी राहिली आहे. समोरची बिचारी खरंच थांबली होती, हातात निवडायचं ताट तसंच धरून. काकूंनी गुपचूप हँडल जागेवर बसवलं. आता या दोघींची गोष्ट अर्ध्यावर तोडायची, म्हणजे माणसाला पुढच्या जन्मी मुकं व्हावं लागेल.

दिवाणखान्याच्या दोन पेट्या पाळणाघरात होत्या. तिथे तर काकू उंबऱ्याच्या आतही गेल्या नाहीत. सतरंजीवर ओळीनं बारा पोरं झोपली होती, त्यातल्या एकानं दुसऱ्याचा कान धरून ठेवला होता, आणि दोन्ही खिडक्यांतून वारा येऊन सगळ्यांचे केस उडत होते. चालवणाऱ्या बाईंनी ओठांवर बोट ठेवून "काय?" अशी खूण केली. काकूंनी "काही नाही" अशी खूण केली आणि पाऊल न वाजवता मागे फिरल्या.

रस्त्यावर येऊन त्या एका कट्ट्यावर बसल्या. सकाळपासून तीन घरं झाली, आणि हाती काय लागलं, तर मांजराच्या मापाचं झबलं. आपल्याला आपल्या नवऱ्याची लागण झाली की काय, असा त्यांना दाट संशय आला. बावीस वर्षं आपण ज्याला बावळटपणा म्हणत आलो, तो एका सकाळीत आपल्याकडूनही तीनदा झाला. आणि तो माणूस वर लिहूनही ठेवत होता. हिची, परत करायची. तोंडानं कधी म्हणाला नाही, मेला. खिडकीच्या बुडाखाली लिहून आलाय, जिथे मी सोडून कोणीही बघेल. काकूंना त्याचा भयंकर राग आला आणि तितकाच तो आवडला, आणि ही दोन्ही कामं एकाच वेळी करणं फार दमवणारं असतं.

पण एक घर अजून राहिलं होतं. तिथे मात्र दयामाया नव्हती.

वरच्या गल्लीतल्या त्या बाईंना काकूंनी मनातल्या मनात तपकिरीबाई असं नाव ठेवलं होतं. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या खिडकीचं हँडल तुटलं, तेव्हा त्यांनी काकांना पांढरं, करडं, सोनेरी अशी सगळी हँडलं नाकारून तपकिरीच बसवायला भाग पाडलं होतं, आणि वसाहतीत तपकिरी हँडल एकाच खिडकीला होतं. ठकीच्या. ठकीनं लहानपणी हट्टानं लावून घेतलं होतं ते. एवढ्यावर भागलं असतं तर काकूंनी पोटात घातलं असतं. पण पुढे एकदा याच बाई हळदीकुंकवाला आल्यासारखं तोंड करून काकूंच्या घरी येऊन बसल्या आणि नाक मुरडून म्हणाल्या, "तुमच्याकडे जरा कोंदट वाटतं, नाही?" आमचीच खिडकी नेऊन आम्हालाच कोंदट. हे काकू मेल्यावरही विसरणार नव्हत्या.

"तपासणी," काकू म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता आत शिरल्या.

"बसा तरी. चहा टाकते," तपकिरीबाई म्हणाल्या. "नात झाली ना? अभिनंदन हं."

"आधी काम," काकू म्हणाल्या. पेटी काढायची, पर्समध्ये टाकायची, आणि आता तुम्हालाही थोडं कोंदट वाटेल असं सांगून निघायचं, हे वाक्य त्या गल्लीच्या टोकापासून घोकत आल्या होत्या. त्यांनी टोपी फिरवली, स्क्रू काढले, तपकिरी हँडल उपसलं आणि सवयीनं पट्टीवर नजर टाकली.

"हँडल हिचं, मागची खोली. परत करायचं. पेटी इथलीच."

स्वयंपाकघरातून कपबश्यांचा आवाज येत होता. काकू तिथेच उभ्या राहिल्या, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर. पेटी इथलीच. म्हणजे पेटी या बाईंची स्वतःचीच आहे. म्हणजे इथे फक्त हँडल आलं. म्हणजे मागच्या खोलीची पेटी कुठे गेली?

कुठेही गेली नाही. शिंपीणबाईंकडे स्वयंपाकघराची, पोस्टमनकडे जिन्याची, पाळणाघरात दिवाणखान्याच्या दोन. पाचवी कोणाला दिलीच नाही. हँडल गेलेलं दिसलं, आणि आपण दोघं धरून चाललो की पेटीही गेली. जो माणूस प्रत्येक गिऱ्हाइकाला "आधी उघडून बघा, मग बोला" असं सांगतो, त्यानं आठ वर्षांत स्वतःची खिडकी एकदाही उघडून बघितली नव्हती. आणि बघणार कसा? तिथल्या भोकातून वारा शिट्टी घालतो म्हणून त्यावर चिकटपट्टी कोणी मारली? काकूंनी. तिच्यासमोर गाद्यांची चळत कोणी रचली? तीही काकूंनीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोसुद्धा दोघांनी हातात हात घालून.

तपकिरीबाई चहा घेऊन आल्या तेव्हा काकू एकट्याच खदखदून हसत होत्या आणि हँडल उलटं बसवत होत्या. ते काढून त्यांनी सुलटं बसवलं.

"काय झालं? बिघडलंय का काही?"

"तुमचं काही बिघडलेलं नाही," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "आमचंच बिघडलं होतं. चहा ठेवा झाकून, परत येऊन पिईन. आणि बाई, या ना एकदा आमच्याकडे. मागच्या खोलीत बसू."

काकू धावत सुटल्या असं म्हणायला हरकत नाही. पन्नाशीची बाई चपला फटफटवत पर्स छातीशी धरून उतारावरून निघाली, तेव्हा भाजीवाल्यानं हातगाडी बाजूला घेतली.

घरी येऊन त्यांनी गाद्या एकेक करून ओढून बाहेर टाकल्या. मागे खिडकी होती, धुळीनं आंधळी झालेली. बाकीच्या खिडक्यांना होता तसा आडवा स्क्रू हिला नव्हता. कसा असेल? पेटी काढलीच नव्हती, तर स्क्रू कशाला मारतील? हे आठ वर्षांत कधीही दिसलं असतं, गाद्या हलवल्या असत्या तर. काकूंनी चिकटपट्टी नखानं टोकरून काढली. भोकातून आत बघितलं. काळोखात काहीतरी लोखंडी, चौकोनी चमकलं.

काकांच्या जुन्या डब्यातून त्यांनी एक पांढरं हँडल शोधलं आणि त्याची चौकोनी सळई भोकात घातली. नाही फिरलं तर? आठ वर्षांत गंज चढून जाम झाली असली तर? मग संध्याकाळी ठकीला काय सांगायचं, हे त्यांनी क्षणभर मनात जुळवून बघितलं आणि ते काही जुळेना. मग त्यांनी डोळे मिटले आणि हँडल फिरवलं.

खट्.

कड्या सरकल्या. काकूंनी ढकललं, पण खिडकी हलेना. रबर चौकटीला चिकटून बसलं होतं. पण पेटी फिरली होती, आणि आता काकूंना अडवणारा अजून घडायचा होता. त्या स्वयंपाकघरात गेल्या, सगळ्यात पातळ उलथनं घेऊन आल्या आणि ऑम्लेट सोडवावं तसं चारही कडांनी ते रबराखालून फिरवलं. मग खांदा लावला. बिजागरीनं असा काही कर्कश आवाज काढला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, आणि खिडकी उघडली. मागच्या आवारातलं ऊन, कोणाच्या तरी धुण्याच्या साबणाचा वास आणि वारा, सगळं एकदम आत आलं. पाळणा आपला आपणच जरासा हलला. काकू जमिनीवर बसल्या आणि मनसोक्त रडल्या. आनंदानं माणूस रडतं म्हणतात, ते खोटं नाही.

चारच्या सुमाराला दार वाजलं. काका आले होते, रोजच्यापेक्षा दोन तास आधी. काकूंनी मागच्या खोलीचं दार पटकन ओढून घेतलं.

काकांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "हे बघ," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मी शाळेत दिवसभर तोच विचार करत होतो. वरची, आपल्या खोलीची पेटी काढतो आणि पोरीच्या खोलीत बसवतो. आपलं काय, आपण झोपू तसेच. अंगणात म्हणालीस तर अंगणात." आणि काकूंचं उत्तर यायच्या आत ते जिना चढून गेलेसुद्धा.

काकूंनी त्यांना जाऊ दिलं. वर स्टूल सरकल्याचा आवाज आला, स्क्रूची टोपी काढल्याचा आवाज आला. मग काकू मागच्या खोलीत गेल्या आणि खिडकी एकदा बंद करून जोरात उघडली.

वरचा आवाज थांबला.

त्यांनी पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. बिजागरी पुन्हा किंचाळली. बावीस वर्षं बिजागऱ्यांचे आवाज ऐकणाऱ्या माणसाला तो ओळखायला किती वेळ लागणार? काका जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आले आणि खोलीच्या दारात थिजल्यासारखे उभे राहिले.

"पेटी कुठून आणलीस?"

"कुठून आणायची? होतीच."

"अगं, पण ती मी त्या बाईंना..."

"पेटी इथलीच," काकू म्हणाल्या. "तुमचंच अक्षर आहे. वाचून आले."

काका खिडकीजवळ गेले. हँडल फिरवून बघितलं, उलट फिरवून बघितलं, कडेत वाकून पेटीकडे बघितलं. मग कपाळावर हात मारून घेतला आणि तिथल्या तिथे गाद्यांच्या ढिगावर बसले. "मी लोकांना सांगत फिरतो," ते म्हणाले, "आधी उघडून बघा."

"मीही फोनवर तेच सांगते," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. काढलेली चिकटपट्टी त्यांनी जमिनीवरून उचलून बोटाला गुंडाळली. काकू म्हणाल्या, "शिंपीणबाईंकडचंही वाचलं. पोस्टमनकडचंही."

काकांचे कान लाल झाले. "ते आपलं मी... लक्षात राहावं म्हणून."

"माझ्याजवळ बोलायला काय झालं होतं?"

"तू रागावली असतीस."

"रागावलेच असते," काकू म्हणाल्या. "पण ऐकलं असतं."

मग त्यांनी ठकीला फोन लावला. लागल्यावर काही न बोलता तो खिडकीपाशी धरला आणि काकांना मानेनं खूण केली. काकांनी खिडकी लोटली, उघडली.

"ही माझी खिडकी आहे," ठकी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आई, ही माझी आहे. दहावीत असताना मी हिच्यातून बाहेर सटकायचे, आणि दरवेळी हीच मेली ओरडून मला पकडून द्यायची. बाबांना सांग, तेल घालू नका तिला."

"बाळ दचकेल," काका म्हणाले.

"सवय होईल. तिलाही पकडायला लागणार आहे पुढे." मागून विहीणबाई काहीतरी म्हणाल्या आणि ठकी हसली. "सासूबाई म्हणतात, आम्हालाही यायचंय खिडकी बघायला. शुक्रवारी गाडी तिकडेच आणतो."

फोन ठेवल्यावर काकूंनी काकांच्या खिशातली पेन्सिल काढली आणि त्यांच्या हातात दिली. "लिहा. तारीख घाला."

काकांनी पांढरं हँडल पुन्हा उपसलं, वाकले, विचार केला आणि हातानं झाकून काहीतरी लिहिलं. काकूंनी मान वाकडी करून बघायचा प्रयत्न केला, तोवर हँडल बसलं होतं आणि स्क्रू फिरत होते.

"काय लिहिलंत?"

"तारीख."

शुक्रवारी ठकी आली, बाळ आलं, विहीणबाई आल्या. विहीणबाईंनी खिडकी दोन बोटांनी उघडून बघितली, "आमच्यापेक्षा वारा जास्त आहे हो," म्हणाल्या, आणि काकूंनी त्याच क्षणी त्यांचं सगळं मागचं माफ केलं. पिवळं झबलं बाळाला किंचित सैल झालं. मापाच्या बाबतीत काकांचं म्हणणं बरोबर निघालं.

काकूंनी दोन दिवस कळ काढली. रविवारी दुपारी काका सामान आणायला गेले, ठकी बाळाला कुशीत घेऊन झोपली, तेव्हा काकूंनी पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला. टोपी हळूच फिरवली, दोन्ही स्क्रू काढून ओच्यात ठेवले आणि हँडल उपसलं.

वर तारीख होती, बुधवारची. खाली त्याच किडामुंगीसारख्या अक्षरात लिहिलं होतं:

"हिची नात, मागची खोली. परत करायची नाही."

काकूंनी ते वाचलं आणि नाक ओढलं. त्या ओढण्यानं बाळ चाळवलं, पण उठलं नाही.

"आई," ठकी डोळे न उघडता म्हणाली, "माझ्या खिडकीचं हँडल आता कोणाला देतेयस?"

"कोणाला नाही, झोप तू," काकू म्हणाल्या, आणि हँडल जागेवर बसवून स्क्रू घट्ट पिळायला लागल्या.